स्वतंत्रपूरची वाट उरवड्यापर्यंत यावी

फेब्रुवारी २०२१ मधील एक दृश्य पुणेकर अद्याप विसरलेले नाहीत. पुण्यातील एका टोळीचा प्रमुख तळोजा कारागृहातून बाहेर पडला. खुनाच्या खटल्यांतून न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली होती. तेव्हा सुटकेविषयी कुरकूर करण्याचे कोणालाच कारण नव्हते. परंतु त्यानंतर मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर शेकडो मोटारींचा जो ताफा त्याच्या मागेपुढे धावला आणि त्याच्या चित्रफिती ज्या अभिमानाने भ्रमणध्वनींवरून फिरवल्या गेल्या, तो प्रकार कोणत्याही सुजाण माणसाला अस्वस्थ करणारा होता. पोलिसांनी गुन्हे दाखल केले, वृत्तपत्रांतून टीका झाली आणि विषय मिटला. एका ठिकाणी मात्र तो मिटला नाही. कोथरूड, वारजे, भूगाव, पिरंगुट या पट्ट्यातील सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या डोळ्यांत तो ताफा अजून धावतो आहे.

दुसरे दृश्य याच्या अगदी उलट आहे आणि त्याची चित्रफीत कोणी काढत नाही. जन्मठेपेची शिक्षा भोगून, तिची अखेरची काही वर्षे येरवड्याच्या खुल्या कारागृहात शेतीकाम करून काढलेला एखादा बंदी सुटतो. हातात कपड्यांची पिशवी, खिशात कारागृहातील मजुरीचे साठलेले पैसे. गाव मुळशी तालुक्यातले. उरवडे म्हणावे किंवा त्याच्या आसपासचे कोणतेही. फाट्यावर उतरून तो मुद्दाम अंधार पडण्याची वाट पाहतो, कारण दिवसाउजेडी चावडीसमोरून जाण्याचा त्याला धीर होत नाही. घरी म्हातारी आई असते किंवा नसते. बायको माहेरी गेलेली असते. गेला तेव्हा रांगणारा मुलगा आता दहावीला असतो आणि शाळेत बापाविषयी कोणी विचारले, तर ‘बाहेरगावी आहेत’ असे सांगायला शिकलेला असतो.

या दोन परतण्यांपैकी समाजाला कोणते हवे, असे विचारले तर सगळे एका सुरात दुसरे म्हणतील. परंतु समाजाने पूर्वतयारी कोणत्या परतण्याची करून ठेवली आहे, असे विचारले तर उत्तर लाजिरवाणे आहे. पहिल्यासाठी गाड्या होत्या, हार होते, फलक होते. दुसऱ्यासाठी साधे ‘आलास का?’ म्हणणारा माणूसही बहुधा नसतो.

खुले कारागृह ही काय चीज आहे, याविषयी सुशिक्षित घरांतूनही पुष्कळ गैरसमज आहेत. ती कैद्यांची चैन आहे, असे समजणारे अनेक आहेत. वास्तविक तेथे पोहोचणे सोपे नाही. शिक्षा झालेल्या बंद्याने बंदिस्त कारागृहात बरीच वर्षे चांगल्या वर्तनाने काढलेली असावी लागतात. प्रकृती काम करण्याजोगी असावी लागते. सराईत आणि धोकादायक गुन्हेगारांना तेथे थारा नसतो. महाराष्ट्रात यासाठी १९७१ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांतून निवडला गेलेला माणूस उंच भिंतीच्या बाहेर राहतो, दिवसभर शेतात वा अन्य कामावर राबतो आणि ठरलेल्या वेळी हजेरीला उभा राहतो. पळून जायचे ठरवले तर त्याला फारसे कष्ट पडणार नाहीत. तरीही तो पळत नाही. शिक्षेत मिळणारी अधिक माफी हे त्याचे एक कारण आहे, यात शंका नाही. परंतु तेवढ्यावर सगळे भागत नाही. कित्येक वर्षांत प्रथमच कोणीतरी आपल्यावर भरवसा ठेवला आहे, ही भावना माणसाला भिंतीपेक्षा अधिक घट्ट बांधून ठेवते. सर्वोच्च न्यायालयात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यासमोर १९७९ मध्ये दोन तरुण जन्मठेपेच्या बंद्यांचे प्रकरण आले, तेव्हा त्यांना खुल्या कारागृहात ठेवावे, असे सांगण्यामागे हीच धारणा होती.

ही कल्पना परदेशातून उसनी घेतलेली आहे, असे मानणाऱ्यांनी सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा रस्ता धरावा. माणदेशाच्या त्या उघड्याबोडक्या माळावर स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. तिचा आरंभ १९३९ चा, म्हणजे देश पारतंत्र्यात असतानाचा. औंध हे बहात्तर गावांचे छोटे संस्थान. तेथील राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे प्रसारक म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. प्रजेच्या हाती कारभार सोपवणारा राजा म्हणूनही त्यांची ओळख जपायला हवी. त्याच १९३९ साली औंधाने लोकांच्या स्वराज्याची घटना स्वीकारली. तिच्या मागे महात्मा गांधींचा सल्ला होता. राजपुत्र अप्पासाहेब पंत यांची धडपड होती आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याची झपाटलेली बुद्धी होती. भारतात येऊन भगवी वस्त्रे धारण केलेला हा मनुष्य भारतानंद या नावाने ओळखला जाई. संस्थानातील गंभीर गुन्ह्यांच्या कैद्यांना कोठडीतून काढून माळावर वसवावे, त्यांना जमीन कसायला द्यावी आणि बायकामुलांसह राहू द्यावे, ही कल्पना याच मंडळींची.

बायकामुलांसह, या शब्दावर थांबायला हवे. स्वतंत्रपूरचे मर्म तेथेच आहे. या प्रयोगावरून प्रेरणा घेऊन ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट केला. माडगूळकर त्याच मुलखातले. आटपाडी-औंधाचा परिसर त्यांच्या बालपणीचा. चित्रपट श्रेष्ठच आहे. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात तो गौरवला गेला आणि तो पाहून डोळे न ओलावलेला माणूस विरळा. परंतु चित्रपटाला एक नायक लागतो. तेथे सहा खुनी कैद्यांना बांधून ठेवतात ते जेलरचे दोन डोळे. तो मेल्यावरही ते डोळे त्यांच्यावर रोखलेले राहतात. प्रत्यक्ष स्वतंत्रपुरात कैद्याला बांधून ठेवणाऱ्या गोष्टी याहून कितीतरी साध्या होत्या. चूल पेटलेली असे. पोर आजारी असे. मोटेचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचले की नाही, हे पाहायचे राहिलेले असे. पळून जाणार कोठे? आणि कशासाठी? ज्याच्यासाठी माणूस तुरुंगातून पळतो, ते सगळे तर तुरुंगातच आणून ठेवलेले होते.

म्हणजे औंधाच्या राजाने तुरुंग सैल केला, असे म्हणणे पुरेसे नाही. त्याने तुरुंगाच्या जागी एक गाव उभे केले. काम, कुटुंब आणि शेजार या तीन गोष्टी गावाच्या असतात. त्या त्याने गुन्हेगाराला शिक्षा संपण्याची वाट न पाहता दिल्या. संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली, औंधही गेले. स्वतंत्रपूर मात्र राज्याच्या कारागृह विभागाने चालू ठेवले. विलीनीकरणात किती चांगल्या गोष्टी अडगळीत गेल्या, याचा हिशेब एकदा कोणीतरी मांडायला हवा. असो. ही एक तरली, एवढे खरे.

स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशात डॉ. संपूर्णानंदांनी बंद्यांना भिंतीबाहेर नेऊन मोठ्या बांधकामांवर लावले. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेर येथे १९६३ पासून चालू असलेल्या शिबिरात बंदी कुटुंबासह राहतात आणि शहरात जाऊन स्वतःच्या कमाईवर घर चालवतात. चंबळच्या खोऱ्यात १९६० साली विनोबांपुढे आणि १९७२ साली जयप्रकाशांपुढे दरोडेखोरांनी बंदुका ठेवल्या, तेव्हा त्यांच्यासाठी मध्य प्रदेशात मुंगावली येथे खुले कारागृह काढण्यात आले. महाराष्ट्रातही पैठण, येरवडा, विसापूर, मोर्शी अशी नावे या यादीत आली. येरवड्यात पुढे स्त्रियांसाठीही खुले कारागृह झाले. २०२२ अखेरच्या केंद्रीय आकडेवारीनुसार देशात ९१ खुली कारागृहे होती आणि त्यांत राजस्थान व महाराष्ट्र ही राज्ये आघाडीवर होती. परंतु त्याच वर्षी देशातील कारागृहांत सुमारे पावणेसहा लाख माणसे होती आणि त्यांतील दर चौघांपैकी तिघे न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे होते. खुल्या कारागृहाचा दरवाजा त्यांच्यासाठी नसतो. किरकोळ चोरीत वा मारामारीत आत गेलेला कोवळा पोरगा दोन-दोन वर्षे सराईतांच्या बराकीत काढतो. तेथे त्याला जे शिक्षण मिळते, त्याचे दाखले नंतर रस्त्यावर दिसतात.

तथापि खुल्या कारागृहांची संख्या वाढवली म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. भिंत नसलेल्या तुरुंगात माणूस सुधारला, तरी त्याला परतायचे असते ते जेथून तो आला त्या गावी. ते गाव आता कसे आहे?

वाल्या कोळ्याचा वाल्मीकी झाला, ही कथा या विषयावरील प्रत्येक भाषणात येते. ती सांगणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. वाल्मीकी झाल्यानंतर तो आपल्या गावी राहायला परतला नाही. त्याने वनात आश्रम केला. गावाने त्याला पुन्हा घेतले असते का, हा प्रश्न त्या कथेत उपस्थितच झालेला नाही. येरवड्याहून सुटणाऱ्याला आश्रम नसतो. त्याला रेशनकार्डावर नाव हवे असते.

पिरंगुटहून मुठा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे उरवडे हे या दृष्टीने पाहण्यासारखे गाव आहे. ते गुन्हेगारांचे गाव आहे, असे सुचवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तसे म्हणणे घोर अन्याय ठरेल. मुळशी हा तालुका भातशेतीचा, तालमींचा आणि वारकऱ्यांचा. १९२१ च्या रामनवमीला याच तालुक्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला आणि त्यातून पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ झाले. जमिनीसाठी तुरुंगात जाण्याची परंपरा या खोऱ्याला आहे आणि तिच्यात कमीपणा नव्हता. सेनापतींनी त्यासाठी वर्षानुवर्षे कारावास सोसला. धरण झालेच, गावे बुडालीच. तरी शंभर वर्षांनंतरही त्या तुरुंगवासाचे स्मरण अभिमानाने केले जाते.

पुढे पाण्याऐवजी पैशाचा लोंढा आला. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलेच गाव. तेथे माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान उभे राहिले. पिरंगुट-उरवड्याच्या परिसरात कारखाने आले. डोंगरापलीकडे लवासाच्या नावाने शहर वसवण्याचा घाट घातला गेला. जमिनीचे भाव वर्षाला नव्हे, महिन्याला बदलू लागले. ज्या बांधासाठी भाऊ भावाशी बोलत नसे, तो बांध अख्ख्या शेतासकट विकला गेला. पैसा आला तो घर, गाडी, लग्न यांत गेला आणि पोरगा रिकामा राहिला. त्या रिकाम्या पोराला मध्यस्थाने हाताशी धरले. ताबा घेण्यासाठी, ताबा सोडवण्यासाठी, कोणाला तरी दम देण्यासाठी दहा पोरे लागत. ती अशी मिळाली. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ साली हे सगळे पडद्यावर आणले. चित्रपटातील बाप जमीन विकून हमाल होतो आणि पोरगा टोळीत जातो. दुर्दैवाने काही पोरांनी त्या चित्रपटातील शेवट सोडून बाकीचे सगळे उचलले.

प्रामाणिक रोजगाराची बाजूही पाहावी. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील एका रासायनिक कारखान्याला आग लागली आणि सतरा कामगार जळून गेले. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया होत्या. सकाळी डबा भरून कामावर गेलेल्या बायकांची ओळख पटवण्यासाठी नातेवाइकांना रुग्णालयाबाहेर ताटकळावे लागले. या दुर्घटनेचा आणि गुन्हेगारीचा थेट संबंध नाही. परंतु गावातील एखाद्या तरुणाच्या मनात जो हिशेब मांडला जातो, त्यात तिचा आकडा धरला जातोच. आई-मावशी अल्प मजुरीसाठी अशा जागी मरतात, आणि नाक्यावरचा अमुक एका दिवसात तेवढे पैसे उडवतो. या हिशेबाला उत्तर न देता ‘कष्टाची भाकरी गोड’ असे सांगत फिरणाऱ्याचे कोण ऐकणार?

शिक्षा भोगून आलेला माणूस नेमक्या या गावात परततो. खुल्या कारागृहात तो शेतकरी झालेला असतो. येथे त्याच्या वाट्याची शेतीच उरलेली नसते. कारखान्यात जावे, तर ठेकेदार पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतो. रखवालदाराची नोकरी तर त्या दाखल्याशिवाय मिळतच नाही. रिक्षा चालवावी, तर परवान्याच्या वाटेत पुन्हा तोच कागद. गावात कोठे चोरी झाली, मारामारी झाली, की पहिली विचारपूस त्याच्याकडे. जुन्या गुन्हेगाराला तडीपार करण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना आहे आणि सराईतांच्या बाबतीत तो आवश्यकही असेल. पण सुधारू पाहणाऱ्याच्या मानेवर त्याची टांगती तलवार राहिली, तर ज्या घराने त्याला आधार द्यायचा, त्या घरातूनच तो उठवला जातो. दारे अशी एकेक करून बंद होत जातात आणि एकच उघडे राहते. जुना सोबती भेटायला येतो. तो दाखला मागत नाही. घरच्यांची चौकशी करतो, मुलाच्या शाळेची फी भरण्याची तयारी दाखवतो, ‘तुला काही करायचे नाही, नुसते सोबत बसायचे’ म्हणतो. टोळी जे देते त्यात पैशाहूनही मोठी गोष्ट मान ही असते. सभ्य समाजाने ती द्यायची नाही असे ठरवले, की बाजार टोळीच्या हाती जातो.

येथे एक बाजू विसरून चालणार नाही. ज्याचा खून झाला, त्याचेही घर बहुधा त्याच गावात असते. ग्रामीण भागातले अनेक खून भावकीत होतात; बांधावरून, वाटेवरून, पाण्यावरून. मारणारा आणि मेलेला यांचे आडनाव एक असते, कुलदैवत एक असते. पतीचा वा मुलाचा मारेकरी चौदा वर्षांनी समोरून चालत येताना पाहणाऱ्या बाईला ‘आता तो सुधारला आहे’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होईल. पुनर्वसनाचा पुरस्कार करणारी मंडळी या बाईविषयी फारसे बोलत नाहीत, आणि म्हणून त्यांचे म्हणणे सामान्य माणसाला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये बंद्यांच्या मजुरीविषयी निकाल देताना त्या मजुरीतील काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी राखण्याचा विचार मांडला होता. तो विचार मोलाचा आहे. खुल्या कारागृहात घाम गाळून मिळवलेल्या पैशातला वाटा त्या घरी जावा, आणि सुटकेपूर्वी कोणा वडीलधाऱ्याच्या मध्यस्थीने दोन घरांत बोलणे व्हावे. तिने क्षमा करावी, अशी अपेक्षा कोणी धरू नये. पण तिला विश्वासात न घेता त्याला गावात आणणे, हे दोघांवरही संकट आहे. सूड आणि प्रतिसूड यांचे बी तेथेच रुजते.

प्रश्न पुन्हा कामापाशी येतो, आणि त्याचे एक उत्तर औंधाच्याच इतिहासात आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला, तो औंधाच्या राजाने दिलेल्या जागेवर. निवडुंग आणि साप यांखेरीज तेथे काही नव्हते. त्या किर्लोस्करवाडीत रात्रीची राखण करण्यासाठी लक्ष्मणरावांनी नेमली ती शिक्षा भोगून आलेली माणसे. लोकांनी त्यांना वेड्यात काढले असणार. चोराच्या हाती किल्ल्या देणारा उद्योजक आजही कोणाला शहाणा वाटणार नाही. परंतु माणूस बदलू शकतो, हे लक्ष्मणराव नुसते बोलत नव्हते. ते त्यावर स्वतःचा कारखाना पणाला लावत होते. आज मुळशीच्या त्या पट्ट्यात शेकड्यांनी कारखाने, गोदामे आणि गृहसंकुले आहेत आणि प्रत्येकाच्या फाटकावर रखवालदार उभा आहे. त्यांतील दहा मालकांनी जरी हा धोका पत्करला, तरी येरवड्याहून येणाऱ्या वाटेचे रूप पालटेल.

धोका पत्करण्याची सुरुवात झालेली नाही, असेही नाही. १ मे २०२२ रोजी राज्य सहकारी बँकेने येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची योजना सुरू केली. बंद्यांना पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याजाने, तारणाशिवाय. फेड कारागृहातील मजुरीतून. मुलीचे लग्न, आजारपण, वकिलाची फी यांसाठी सावकाराकडे वा टोळीकडे हात पसरण्याची वेळ बंद्याच्या घरावर येऊ नये, हा तिचा उद्देश. बँक भावनेवर चालत नाही. तिने जर बंद्याच्या श्रमावर भरवसा ठेवला, तर गावच्या सोसायटीने आणि पतसंस्थेने तो ठेवायला हरकत काय? टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंद्यांच्या आणि सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचे काम करतो आहे. केंद्राने २०२३ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श कारागृह कायद्यातही खुल्या संस्थांची आणि सुटकेनंतरच्या साहाय्याची तरतूद आहे. १८९४ च्या जुन्या कायद्याला हा विचारच ठाऊक नव्हता. तरतूद कागदावरून उरवड्यापर्यंत उतरायची, तर वाटेत माणसे लागतील.

ही माणसे कोठून यायची, याचे उत्तर या पानांच्या वाचकांना फार दूर शोधावे लागणार नाही. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, येरवड्याच्या भिंतीआड बाळासाहेब देवरसांपासून खेड्यातल्या साध्या शिक्षकापर्यंत शेकडो जण होते. अनेक घरांचा कर्ता पुरुष आत होता. नोकऱ्या गेल्या होत्या, शेजारी ओळख दाखवायला कचरत होते. त्या दिवसांत कोणीतरी संध्याकाळी येऊन ‘वहिनी, काही हवे का?’ एवढे विचारून जात असे. धान्याची पिशवी ओटीवर ठेवून जात असे. मुलांच्या परीक्षेची चौकशी करत असे. राजबंदी आणि खुनाचा गुन्हेगार यांची तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. पण घरातला माणूस आत असताना बाहेरचे घर कसे दिसते, हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना बंद्याच्या बायकोच्या अवस्थेची कल्पना इतरांहून लवकर यावी. तिने गुन्हा केलेला नाही. तिच्या मुलाने तर नाहीच. बाप आत असतानाच तो मुलगा शाळेत, तालमीत, मैदानावर चार चांगल्या माणसांच्या नजरेत राहिला, तर बाप सुटून येईल तेव्हा त्याला परतायला घर असेल, आणि मुलगा नाक्यावरच्या ताफ्यात नसेल.

हे काम सुटकेच्या दिवशी सुरू करून भागत नाही. ते त्याआधी, रजेपासून सुरू व्हावे लागते. बंद्याला संचित रजा आणि अभिवचन रजा मिळते. त्यांचे नियम १९५९ चे आहेत. रजेवर आलेला बंदी म्हणजे एका अर्थी परतण्याची तालीमच. आठ-पंधरा दिवस तो गावात कसा वागतो, कोणाकडे जातो, कोण त्याच्याकडे येते, यावर पुढचे पुष्कळ ठरते. त्या दिवसांत त्याला देवळाच्या डागडुजीत, शाळेच्या वर्गखोलीच्या कामात, विहिरीच्या गाळ काढण्यात चार लोकांबरोबर उभे केले, तर गावालाही त्याची सवय होते आणि त्यालाही गावाची.

परंतु रजेच्या अर्जावर पोलीस चौकशी होते. पोलीस पाटलाला विचारले जाते, शेजाऱ्यांना विचारले जाते. आणि कोणीतरी जामीनदार म्हणून पुढे यावे लागते, या माणसाला आपल्याकडे ठेवून घेण्यास तयार आहे, असे लिहून द्यावे लागते. बऱ्याचदा थकलेला भाऊ किंवा म्हातारी आई ते लिहून देते. तीही नसली तर अर्ज अडून राहतो. त्या कागदावर नात्याबाहेरच्या एका प्रतिष्ठित माणसाच्या सहीला जागा असते.